सणासुदीचा कान

आमच्या घरात नवी वस्तू वापरायची पद्धत नव्हती. ती आणायची, तिला हळदकुंकू लावायचं, चार शेजाऱ्यांना दाखवायची आणि कपाटात ठेवून द्यायची. एका दिवाळीला स्टीलची बारा ताटं आली, ती मी लग्न होऊन निपाणीला जाईपर्यंत वर्तमानपत्रात गुंडाळलेलीच होती आणि आम्ही पोचे पडलेल्या जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, ताटल्यांत जेवत होतो. प्रेशर कुकर दोन वर्षं खोक्यात बसून होता. कुणी विचारलं की माझी वहिनी अभिमानाने सांगायची, "अजून शिट्टीसुदिक वाजली न्हाय त्याची."

याला आमच्याकडे जपणूक म्हणतात. मला कद्रूपणा म्हणावंसं वाटतं, पण तोही बरोबर शब्द नव्हे. कद्रू माणूस पैसा वाचवतो. आमची माणसं पैसा खर्च करायची आणि वस्तू वाचवायची, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. अशाच जपणुकीने त्यांनी माझ्या वडिलांच्या कानाचं मशीन जपलं. मशीन शेवटपर्यंत चांगलं राहिलं. वडील राहिले नाहीत, आणि मरण्याच्या आधीच तीन वर्षं ते आमच्यात नव्हते.

आम्ही अनगोळचे. घरची भातशेती होती, पण चार भावांत वाटणी होऊन आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, वाट्याला आलेल्या तुकड्यावर घर चालेना, म्हणून ते वडगावच्या यंत्रमागावर कामाला लागले आणि तीस वर्षं तिथेच राहिले. त्या पत्र्याच्या शेडमध्ये एका वेळी वीस-पंचवीस माग चालत. शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नसे. म्हणून कामगार आवाज न करताच बोलत. ओठ मोठे मोठे हलवायचे, भुवया उडवायच्या आणि उरलेलं बोटांनी सांगायचं. मालक आला, धागा तुटला, चहा सांग, तुझी बायको सुटली का, मुलगा की मुलगी, हे सगळं असंच चालायचं. मी लहानपणी डबा घेऊन जायचे तेव्हा मला वाटायचं की आप्पा कामावर गेले की त्यांना दुसरं तोंड फुटतं.

त्या शेडमध्ये त्यांचा कान हळूहळू गेला आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्यांच्याही नाही, कारण तिथे ऐकायची गरजच नव्हती. घरी आई होती. ती त्यांच्यासमोर उभी राहून, तोंडाकडे तोंड करून बोलायची. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. एकोणीसशे पंचाहत्तरच्या सुमारास आई गेली, पुढच्या वर्षी आप्पांचं काम सुटलं आणि ते दिवसभर घरात बसू लागले. आता वहिनी चुलीकडे तोंड करून बोलायची. माझा थोरला भाऊ, म्हणजे अण्णा, सरकारी कचेरीत कारकून. तो वर्तमानपत्राच्या आडून बोलायचा. आप्पा हसून "व्हय" म्हणायचे. काही विचारलं तरी "व्हय", काही सांगितलं तरी "व्हय". पुढे हसणं बंद झालं, कट्ट्यावर जाणं बंद झालं, आणि ते पुढच्या सोप्यात भिंतीकडे बघत बसायला लागले. माणसांची नावं विसरायला लागले. तेच ते परत विचारायचे.

मग घराने निदान केलं: म्हातारचळ. गल्लीतल्या लोकांनी लगेच दुजोरा दिला, कारण दुसऱ्याचं डोकं फिरलंय हे कबूल करायला कुणाचं काही जात नाही. एकाने ब्राह्मीचं तेल सुचवलं. वहिनी रोज सकाळी त्यांच्या टाळूवर ते थापायची आणि ते निमूटपणे थापून घ्यायचे. मी निपाणीच्या एका मुलींच्या शाळेत शिकवत होते. पंधरा दिवसांतून एकदा एसटीने यायचे, आप्पांच्या तेलकट डोक्याकडे बघायचे आणि मीही मान हलवायचे. एवढी शिकलेली बाई, पण दिव्याखाली अंधार.

एका रविवारी आले तर आप्पा सोप्यात बसलेले आणि अंगणापलीकडे कट्ट्यावर त्यांचा मागावरचा जोडीदार. हा खासबागचा, घरी कानडी बोलणारा माणूस. दोघांत पंधरा पावलांचं अंतर आणि दोघांचीही तोंडं आवाजाशिवाय हलत होती. आप्पा मांडीवर थाप मारून हसत होते, इतकं की डोळे पुसत होते. त्या काळात सीमाभागातल्या आमच्या गावात दुकानाच्या पाट्या कुठल्या भाषेत लावायच्या यावरून डोकी फुटत होती, आणि इथे एक मराठी आणि एक कानडी म्हातारा एकही अक्षर न उच्चारता गप्पा मारत होते.

मी त्या जोडीदाराला विचारलं, "काय सांगत होता एवढं?"

"आमच्या जुन्या मालकाचं धोतर मागात अडकलेलं, ते," तो म्हणाला. "मी सगळं विसरलोय. तुमच्या आप्पाला कुठला माग, कुठला वार, समदं याद हाय."

"पण घरात तर काहीच आठवत नाही त्यांना."

"डोकं चांगलं हाय ओ बाई. कान गेलाय. मागावर समद्यांचाच जातो. माझाबी गेलाय. मी तुमच्या तोंडाकडं बघून बोलतोय न्हवं काय?"

मला लाज वाटली. वीस वर्षं पाठ्यपुस्तकातला पंचेंद्रियांचा धडा शिकवणाऱ्या मला बापाचा कान गेलेला एका मागवाल्याने सांगावा लागला.

मी अण्णाच्या मागे लागले आणि आम्ही आप्पांना मिरजेला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. पैसे अण्णाने दिले, कुरकुर न करता दिले, हेही लिहायला हवं. डॉक्टरांनी तपासलं आणि मशीन दिलं. काडेपेटीहून थोडी मोठी पेटी सदऱ्याच्या खिशात ठेवायची, तिच्यातून निघालेली पांढरी वायर गळ्यावरून वर न्यायची आणि टोकाचा गुलाबी ठोकळा कानात बसवायचा. डॉक्टरांनी बटण फिरवलं. आप्पांनी दचकून वर बघितलं.

"ह्यो पंखा वाजतोय व्हय?" ते म्हणाले.

डॉक्टर हसले. मग त्यांनी आम्हां दोघांना समोर बसवून सांगितलं ते मला आजही पाठ आहे. आप्पा मागावर होते हे कळल्यावर ते म्हणाले, माग दहा वर्षं बंद ठेवला तर काय होतं? गंजतो. वीज परत आली म्हणून लगेच कापड निघत नाही. आवाज कानात शिरतो, पण त्याचा अर्थ मेंदू लावतो, आणि यांच्या मेंदूला हे काम करायची सवय राहिलेली नाही. आता मशीन घातलं की भांडी, पंखा, चपला, माणसं सगळं एकदम अंगावर येईल. कुठलं घ्यायचं आणि कुठलं सोडायचं हे मेंदूला पहिल्यापासून शिकावं लागेल. म्हणून रोज घालायचं. आधी तासभर, शांत खोलीत, एकाच माणसाने समोर बसून बोलायचं. मग हळूहळू दिवसभर. आणि लग्नात, बाजारात, गर्दीत पहिले काही महिने अजिबात घालायचं नाही.

आता हे सगळं वर्तमानपत्राच्या आरोग्याच्या पानावर येतं. कान गेलेलं माणूस एकटं पडतं, एकटं पडलं की डोकंही मंदावतं, वगैरे. अण्णा ती पानं वाचतो आणि मला वाचून दाखवतो, जणू मी मिरजेच्या त्या खोलीत नव्हतेच.

घरी आल्यावर मशीनला हळदकुंकू लागलं. गल्ली बघून गेली. मग अण्णाने ते हातरुमालात गुंडाळलं, रुमाल डब्यात ठेवला, डबा कपाटात गेला आणि किल्ली वहिनीच्या कमरेला गेली.

"डॉक्टरांनी रोज घालायला सांगितलंय," मी म्हणाले.

"रोज घालून आठ दिसात वाट लागंल त्याची," अण्णा म्हणाला. "घामानं खराब हुतंय ते. आनि घरात काय ऐकायचं हाय त्येंनी? चार लोकांत जायचं तवा घालू की."

"घरातच तर ऐकायचं असतं, अण्णा."

"तू शाळंत शिकीव," तो म्हणाला. "हितं नगं."

मशीन बाहेर यायचं ते पाहुणे आले की, गणपतीत आणि दिवाळीत. पाहुण्यांसमोर आप्पांना नवा सदरा घालायचे, मशीन अडकवायचे आणि वायर दिसेल अशी वर ओढायचे. पाहुणे गेले की आधी मशीन निघायचं आणि मग सदरा. खंडेनवमीला आमच्याकडे विळे, कोयते, नांगराचा फाळ पूजतात. त्या वर्षी त्या रांगेत अण्णाच्या सायकलीशेजारी कानाचं मशीनही मांडलं होतं, वर झेंडूचं फूल. आरती चालू होती आणि मशीनपासून हातभर अंतरावर आप्पा बसले होते. सगळे टाळ्या वाजवतात म्हणून तेही वाजवत होते, पण आरती संपल्यावरही वाजवत राहिले. वहिनीने माझ्याकडे बघून डोळ्यांनी खूण केली की बघा, चळ.

पुढच्या वर्षी अण्णाच्या मुलीचं लग्न झालं. लग्नात मशीन घालणारच, त्यासाठीच तर ते जपलं होतं. चार महिने कानात आवाज नसलेल्या माणसाला कार्यालयाच्या दारात उभं केलं, अण्णाने बटण शेवटपर्यंत फिरवलं, "चांगलं ऐकू येऊ दे," म्हणाला, आणि पाच पावलांवर बँड सुरू झाला. वर लाउडस्पीकर. आप्पांनी पंधरा-वीस मिनिटं काढली असतील. त्यांच्या कपाळावर घाम आला. मग त्यांनी वायर ओढून काढली आणि घसा फाटेल असे ओरडले, "माग बंद करा. माग बंद करा रं."

बँड थांबला. वऱ्हाडी बघायला लागले. नवऱ्यामुलाच्या आईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. आप्पांकडे अशा आवाजाला दुसरा शब्द नव्हता एवढंच, पण तिथे ते ऐकून घ्यायला कोण बसलं होतं? अण्णाने त्यांना दंडाला धरून आत नेलं. संध्याकाळी वहिनी सगळ्यांना सांगत होती, "मिशीन घालूनबी उपेग न्हाय. डोस्कंच गेलंय." त्यानंतर आप्पांचं अंथरूण सोप्यातून मागच्या परड्यातल्या खोलीत गेलं. तिथे आधी वैरण ठेवत असत. जेवणाचं ताट तिकडेच जायला लागलं.

त्या मे महिन्यात वहिनीची आई आजारी पडली आणि वहिनी महिनाभर खानापूरकडे आपल्या माहेरी गेली. मला सुट्टी होती, म्हणून घर बघायला मी अनगोळला आले. जाताना तिने किल्ल्या माझ्या हातात दिल्या. एसटी गावाबाहेर पडली असेल नसेल, मी कपाट उघडलं.

पहिला आठवडा आम्हां दोघांनाही नकोसा झाला. भांडं पडलं की आप्पा दचकायचे. वर्तमानपत्राची घडी उलगडली तरी कपाळाला आठ्या. पेटीवर सदरा घासायचा त्याचाही त्यांना त्रास व्हायचा. तिसऱ्या दिवशी त्यांनी मशीन काढून अंथरुणावर टाकलं आणि पाठ फिरवून बसले. मी पहिलीच्या मुलांना शिकवलेलं आहे. रडणाऱ्या मुलाला कसं बसवायचं ते मला येतं. रोज सकाळी तासभर मी दार लावून त्यांच्यासमोर बसायचे आणि वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे. आठ दिवसांनी थोडी बाजूला बसले. नंतर पाठीमागे. चुकलं की परत समोर.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी गळका नळ ओळखला. एके दिवशी बाहेरून कोण आलं ते चपलांवरून सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात मी हट्टाने खोक्यातला कुकर काढला आणि भात लावला. मी परड्यात कपडे वाळत घालत होते, तर आप्पा आतून म्हणाले, "तीन झाल्या. उतरीव आता." मी ओला टॉवेल हातात घेऊन तशीच उभी राहिले.

मग जुने आप्पा परत आले. अंथरूण सोप्यात आलं. ते माझ्या सासूची चौकशी करायला लागले, माझ्या शाळेतल्या कुरबुरी ऐकून कुणाचं चुकलं ते सांगायला लागले. शेताच्या बांधावरून अण्णाचा शेजाऱ्याशी वाद होता, तिथे मूळ दगड कुठे पुरलाय हे त्यांनी बसल्या जागी सांगितलं आणि अण्णाने जाऊन उकरलं तर तो तिथेच होता. संध्याकाळी कचेरीतून आल्यावर अण्णा त्यांच्यासमोर बसून चहा प्यायला लागला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि अण्णानेही त्याच्या डोळ्यांनी पाहिलं.

एका दुपारी आप्पांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, "तुझी आय गेली त्या दिशी माझा हात धरून काय तर म्हणाली. मला ऐकू आलं न्हाय. मी नुसतं व्हय म्हटलं. तू हुतीस न्हवं तितं?"

मी होते. आई म्हणाली होती, कालवडीला पाणी दाखवा, सकाळपासून तशीच आहे. एवढंच. दुसरं काही नाही. मी तसं सांगितलं.

आप्पांनी मला ते परत एकदा म्हणायला लावलं. मग म्हणाले, "दाखवलं हुतं की. त्या दिशी मीच दाखवलं हुतं." आणि ते रडायला लागले. चार वर्षं हा माणूस ते एक वाक्य विचारायला थांबला होता आणि आम्ही त्याच्या टाळूवर तेल थापत होतो.

जूनमध्ये वहिनी परतली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिला आप्पांच्या गळ्यातली वायर दिसली. "रोज घातलं व्हय?" ती म्हणाली. "वायर बघा कशी पिवळी पडलीया." मी अण्णाकडे बघितलं. तो चपला काढत होता, आणि चपला काढायला त्याला त्या दिवशी फार वेळ लागला.

इथे मी भांडायला हवं होतं. कुणाशीही भांडण उकरून काढण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, निपाणीची अख्खी शाळा साक्ष देईल. पण माहेरच्या घरात वहिनीशी तोंड केलं की मुलीला पुढच्या खेपेला दार अर्धंच उघडतं, हे मला ठाऊक होतं. शाळा दोन दिवसांवर आली होती. मी मनाशी म्हटलं, अण्णाने पाहिलंय, तो बघेल. आणि मी, या माझ्या हातांनी, मशीन पुसलं, रुमालात गुंडाळलं, डब्यात ठेवलं आणि किल्ली वहिनीला दिली. अण्णा आणि वहिनीला मी आयुष्यभर नावं ठेवत आले. त्यांना निदान कळत नव्हतं. मला कळत होतं.

आप्पा दारात उभे होते. त्यांनी कानाला हात लावून बघितला आणि ते आत गेले.

गणपतीत आले तेव्हा ते परड्यातल्या खोलीत होते. पाहुण्यांसाठी मशीन अडकवलं तर त्यांनी हाताने झटकलं. त्यानंतर मी प्रत्येक सुट्टीत प्रयत्न केला, पण आठ दिवसांत काय होणार, आणि ते आता समोर बसायलाच तयार नसत. दोन वर्षांनी मागावरचा जोडीदार आला. त्याने कट्ट्यावरून ओठ हलवले, भुवया उडवल्या, धोतराची गोष्ट हातांनी करून दाखवली. आप्पांनी त्याच्या तोंडाकडे थोडा वेळ बघितलं आणि मग भिंतीकडे मान फिरवली. तो म्हातारा उठला आणि जाताना मला म्हणाला, "आता डोकंबी गेलं ओ." मशीन रोज घातलं असतं तर हे टळलंच असतं असं मी छातीठोक सांगू शकत नाही. वय होतं. पण तो एक महिना मी पाहिला होता.

ब्याऐंशीच्या हिवाळ्यात आप्पा गेले. तेराव्याला वहिनीचे मामा आले होते, त्यांनाही अलीकडे कमी ऐकू यायला लागलं होतं. वहिनीने कपाटातून डबा काढला आणि रुमाल सोडला. पेटीवर ओरखडा नव्हता. बटणाची चमकही गेली नव्हती.

"नवंच हाय," अण्णा मामांच्या तोंडासमोर येऊन म्हणाला. "धा-बारा येळा घातलं आसंल."

वहिनीने वायर उजेडाकडे धरली. गळ्यापाशी जिथे ती टेकायची तिथे वीतभर पिवळट डाग होता. "ह्यो तेवढा डाग हाय," ती माझ्याकडे बघत म्हणाली, "तुमी त्या म्हैन्यात रोज घातलं न्हवं, त्याचा." तिने फडकं ओलं करून साबणाला लावलं आणि वायर त्यात धरून घासली. परत घासली. घामाचा डाग, चार वर्षांचा, लवकर जाईना. मग फडक्यावर पिवळं उतरलं आणि वायर पांढरी झाली.

"आता कोन म्हनंल का कुनी वापरलंय म्हणून?" तिने मला दाखवत विचारलं.

मी म्हणाले, "न्हाय."